तंबोरा कोणता घ्यावा?

नेवासे तालुक्यांतील आमचें घोडेगांव जनावरांच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. त्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी कोणाच्या स्तुतीवर भुलत नाहीं. तो दांत पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, चार पावलें चालवून पाहतो. आणि मुख्य म्हणजे बैल नांगरास हवा कीं गाडीस, हें घरून ठरवून येतो. वाद्य घेणारा मनुष्य बहुधा याच्या उलट वागतो. तो आधीं दहा जणांचीं मतें गोळा करतो आणि वाद्य शेवटीं पाहतो. हल्लीं तंबोऱ्याचे अनेक नवे प्रकार निघाले आहेत व त्यांविषयीं रसिकांत मोठा मतभेद आहे. म्हणून या मतांचें मोल कसें करावें, याचा आज थोडा विचार करूं.

महाराष्ट्रांत तंबोरा म्हटला कीं मिरजेचें नांव निघतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं तेथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, व मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांस आश्रय मिळाला. शस्त्रांचा धंदा बसत चालला असतां त्या हातांना नवें काम सांपडलें. आज तेथील सतार व तंबोरा यांस सरकारदरबारीं भौगोलिक मानांकन आहे. तें २०२४ सालीं मिळालें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा, तून जातीचें लाकूड, आणि कारागिराचा कान, या तिहींचा मिळून हा तंबोरा होतो.

नव्या प्रकारांत पहिला म्हणजे भोपळ्यावांचून केलेला चपटा तंबोरा. तो हलका, आगगाडींत सहज ठेवतां येण्याजोगा व फुटण्याचें भय कमी असलेला असतो. दुसरा प्रकार विजेच्या पेटीचा. बंगळूरच्या रॅडेल कंपनीनें सुमारें १९७९ च्या सुमारास अशा पेट्या काढल्या, आणि आतां तर खिशांतल्या फोनांतूनही तंबोऱ्याचा स्वर निघतो.

आतां मतें ऐका. जुना बैठकीचा गवई म्हणतो, पेटीचा स्वर निर्जीव आहे. त्याच्याशीं गळा मिळतो, पण मन मिळत नाहीं. गायनाचा शिक्षक म्हणतो, माझ्याकडे वीस मुलें येतात. प्रत्येकाच्या घरीं तंबोरा कोठून आणूं? पेटी नसती तर निम्मीं मुलें बेसूर राहिलीं असतीं. भजनी मंडळाचा वीणेकरी म्हणतो, आम्हांस एस. टी. च्या टपावरून गांवोगांव जावयाचें. भोपळा सांभाळावा कीं अभंग म्हणावा? चपटा तंबोराच बरा. श्रोतेहो, या तिघांतील एकही खोटें बोलत नाहीं. प्रत्येकजण आपापल्या कामापुरतें बोलतो, आणि ऐकणारा मात्र तें मत सर्व कामांना लागू करतो. घोटाळा होतो तो येथें.

तंबोऱ्याचें खरें रहस्य घोडींत आहे. ज्या रुंद पट्टीवर तारा टेकतात तिला घोडी म्हणतात. तिची पाठ किंचित् बाकदार घासलेली असते, व तार आणि घोडी यांमध्यें सुताचा एक दोरा सरकवितात. त्यामुळें तार कांपतांना घोडीच्या पाठीला हलकेच चाटून जाते व स्वर झणकारतो. यालाच जवारी म्हणतात. तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा स्थिर बिंदु असेल तो उपस्वर उमटूं नये, असा शास्त्राचा सामान्य नियम आहे. तंबोऱ्यांत व वीणेंत तोही उमटतो, असें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. म्हणूनच चांगल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून गांधार आपोआप ऐकूं येतो. ही जवारी खुली ठेवावी कीं बंद, हें कारागीर गवयाच्या गळ्याप्रमाणें ठरवितो. तयार पेटीला ही विचारपूस करतां येत नाहीं.

पण म्हणून पेटी त्याज्य ठरते काय? बाजाच्या पेटीची हकीकत येथें आठवावी. हार्मोनियमवर मींड निघत नाहीं, तिचे स्वर ठराविक, म्हणून १९४० सालीं नभोवाणीनें तिला बंदी केली. ती १९७१ सालीं सैल होऊं लागली. आक्षेपांत तथ्य होतें. परंतु त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनीं कीर्ति मिळविली, व कीर्तनांत आणि नाटकांत तिचें काम कधीं थांबलें नाहीं. दोष खरा असला तरी उपयोगही खरा असूं शकतो.

माझें स्वतःचें मत विचाराल तर तें मुलांपुरतें आहे, कारण माझा जन्म मुलें शिकविण्यांत गेला. ज्या मुलास गाणें शिकावयाचें आहे त्याला चार तारा स्वतः जुळवूं द्याव्या. पंचम लावतांना खुंटी थोडी जास्त पिळली जाते, स्वर चढतो, पुन्हा उतरवावा लागतो. मग मणी सरकवून तो नेमका आणावा लागतो. या खटाटोपांत कान तयार होतो. पेटी कळ दाबतांच शुद्ध स्वर देते व हा पहिला धडाच गाळून टाकते. घरीं रोजच्या मेहनतीला पेटी खुशाल असावी. पण आठवड्यांतून एकदां तरी मुलाचा हात खऱ्या खुंटीवर पडावा. प्रत्येक घरीं तंबोरा परवडणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु शाळेनें किंवा मंडळानें वर्गणी करून एक घेतला, तर साऱ्या गांवच्या मुलांचें काम भागेल आणि मिरजेच्या एका कारागिराच्या हातालाही काम मिळेल. मागणी आटली तर घोडी घासणारा हात पुढच्या पिढीस मिळणार नाहीं, आणि तो हात कोणत्याही यंत्रांत सांठवितां येत नाहीं.

विकत घेतांना एवढें करा. वाद्य कोठें नेणार व कोण वाजविणार, हें आधीं ठरवा. भोपळ्याला चीर नाहीं ना, दांडीचा सांधा घट्ट आहे ना, तें पाहा. तारा जुळवून थोडा वेळ थांबा. खुंटी सुटते कीं काय तें समजेल. मग एकेक तार सावकाश छेडा, डोळे मिटा आणि नाद किती वेळ टिकतो तें ऐका. दुसऱ्याचें मत ऐकण्यास हरकत नाहीं. मात्र तें कोणत्या कामाकरितां दिलेलें आहे, हें विचारल्यावांचून पैसे मोजूं नका.