एक पातेलं, एक पिशवी आणि धान्याची बिअर

डब्यातला तयार माल्टचा पाक न वापरता थेट धान्यापासून घरी बिअर करायची, तर तीन मोठी भांडी, पंप आणि नळ्या हव्यातच, असं हौशी मंडळी बरीच वर्षं मानत आली. ऑस्ट्रेलियातल्या हौशींनी २००० नंतरच्या दशकात पिशवीची पद्धत रूढ केली आणि ही अडचण उरली नाही. दहा लिटर बिअरला वीस लिटरचं पातेलं, जाळीदार कापडाची पिशवी आणि थर्मामीटर पुरतो. भरडलेलं सव्वादोन किलो माल्ट पिशवीत घालून ६६ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं. पातेल्याला गोधडी गुंडाळली की उष्णता टिकते.

साखर घातल्याशिवाय बिअर होत नाही, हाही गैरसमजच. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. मोड येताना तयार झालेली विकरं गरम पाण्यात दाण्यातल्या पिठाची साखर करतात. नाचणीसत्त्वाची पेज साध्या नाचणीपेक्षा पातळ आणि गोडसर होते, तीही याच गुणाने. पाणी ६३ अंशांवर ठेवलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ६९ वर ठेवलं तर भरदार. सगळी कारागिरी मला या पाच-सहा अंशांतच दिसते.

चक्क्याच्या पुरचुंडीसारखी ही पिशवी पिळली तर बिअर तुरट होते, असं बजावलं जातं. खरं तर तुरटपणा उतरतो तो पाणी अती तापलं आणि त्यातली आम्लता कमी पडली तर. म्हणून पिशवी उकळीआधी काढावी. मग खुशाल पिळावी. पुढे कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचं आणि यीस्ट घालायचं.

घरच्या बिअरने डोळे जातात ही भीती विषारी दारूच्या बातम्यांतून आली आहे. माल्ट आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होतं आणि इथे ऊर्ध्वपातन नसतंच. खरा धोका बाटलीचा आहे. आंबणं पुरं होण्याआधी बाटली भरली किंवा फेसासाठी बाटली भरताना घालायची साखर जास्त पडली, तर दाबाने काच फुटते. लिटरला सहा-सात ग्रॅम साखर बस्स.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती करणं गुन्हा आहे.