शेवटचे तिघे

चिठ्ठ्यांच्या 'राजा-मंत्री-चोर-शिपाई'त चोराचा निकाल एका अंदाजात लागतो. 'माफिया'त तो शेवटपर्यंत आपल्यातच गप्पा मारत बसतो. १९८६ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री डेव्हिडॉफ यांनी हा खेळ रचला. माफियांना आपले साथीदार ठाऊक असतात, नागरिकांना कोणीच नाही. रात्री माफिया एकाला बाद करतात. दिवसा सगळे मिळून मतदानाने संशयिताला.

खरी कसोटी तिघे उरल्यावर. दोन नागरिक, एक माफिया. त्याला स्वतःच्या मताखेरीज एकच मत हवे असते. म्हणून मुरलेला खेळाडू तेव्हा मोठी थाप मारत नाही. साथीदाराविरुद्ध मत देऊन त्याने विश्वास आधीच कमावलेला असतो. आता तो एवढेच म्हणतो, "मला काही सुचत नाही, तुम्हीच ठरवा." मग दोघे नागरिक एकमेकांवर तुटून पडतात.

मीही असाच फसलो. अडखळत बोलणाऱ्या भाचीला मी बाद केले. ती निर्दोष होती. शांत बसलेला मेहुणा हसला. त्याने साथीदाराविरुद्ध मत दिले होते खरे, पण साथीदार वाचणार नाही हे नक्की झाल्यावर! तेव्हापासून मी कोणाचा आवाज कापतो ते पाहत नाही. कोणी कधी मत दिले ते आठवतो. निर्दोष माणूसही घाबरतो, हे खेळाबाहेरही ध्यानात ठेवावे.