जोर जास्त, जागा कमी

२ सप्टेंबर २०१९, गणेश चतुर्थी. चोरीचा आळ नको म्हणून आमच्या पेणमध्ये त्या दिवशी कोणी चंद्राकडे बघत नाही. नेमक्या त्याच दुपारी सव्वा वाजता ‘चांद्रयान-२’चं विक्रम लँडर ऑर्बिटरपासून सुटं झालं. पोटात सत्तावीस किलोचा प्रज्ञान रोव्हर. उतरायचा मुहूर्त होता ७ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास, म्हणजे गौरीपूजनाच्या रात्री. जागरण होतंच, पडवीत फुगड्या, आत टीव्हीवर इस्रो. मी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे प्रश्न सगळे मलाच.

“भावोजी, चंद्र तर मावळला, मग उतरतंय कुठे?” वहिनींनी विचारलं. चंद्र आपल्याकडे मावळला होता, पण त्याच्या दक्षिण ध्रुवाकडच्या त्या जागी नुकतंच उजाडलं होतं. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा. लँडर आणि रोव्हर दोन्ही सौरऊर्जेवर चालणारे, म्हणून सकाळीच उतरायचं.

चंद्रावर हवा नाही, तेव्हा पॅराशूट कुचकामी. सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटरचा वेग तीस किलोमीटर उंचीपासून पंधरा मिनिटांत मारायचा, तोही इंजिनं उलट पेटवून. भिसे खिंड उतरताना एसटीचा ड्रायव्हर बेताबेताने ब्रेक मारतो, तसाच हा प्रकार. पण इथे ड्रायव्हर नाही, सगळं यानातल्या संगणकाच्या हवाली. उंची २.१ किलोमीटर होईपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, असं अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितलं. पुढे संपर्क तुटला. फुगड्याही थांबल्या.

इंजिनं कमी पडली असतील, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. झालं होतं उलटंच. सिवन यांच्यानंतरचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पुढे खुलासा केला: पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला आणि चुका साठत गेल्या. यानाला झटकन वळून त्या सावरायच्या होत्या, पण किती वेगाने वळायचं याला सॉफ्टवेअरची मर्यादा होती. त्यात उतरायची जागा जेमतेम पाचशे मीटर लांब-रुंद.

‘चांद्रयान-३’ला म्हणून चार इंजिनं, जास्त इंधन, मजबूत पाय आणि चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर एवढी ऐसपैस जागा दिली. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ते उतरलं आणि दुसरा प्रज्ञान चंद्रावर शंभर मीटरहून जास्त चालला.

पहिल्या प्रयत्नाला ‘नापास’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. चांद्रयान-२चा ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतच राहिला होता, आणि ही नवी जागा निवडताना त्यानेच काढलेले फोटो कामी आले.