कराडच्या वकिलाचे कायदे

देवराष्ट्रे गावी 1913 साली जन्मलेले आणि पितृछत्र बालपणीच हरपल्यावर विठाबाईंसारख्या धीरोदात्त मातेने वाढविलेले यशवंतराव चव्हाण यांनी 1941 साली कायद्याची पदवी घेऊन कराडला फौजदारी वकिली आरंभिली खरी. परंतु पुढच्याच वर्षी ‘चले जाव’चा वणवा पेटला, आणि कोर्टात अशिलांची कैफियत मांडणारा हा तरुण भूमिगत होऊन पुढे स्वतःच तुरुंगात गेला. त्यांच्या वकिलीचे खरे फळ मात्र कोर्टात नव्हे, विधिमंडळात दिसले, असे मला वाटते.

1946 साली ते मुंबई विधानसभेत निवडून आले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्या द्वैभाषिकाचा त्यांनी केलेला पुरस्कार मराठी जनतेच्या जिव्हारी लागला होता, आणि 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने तो रोष मतपेटीतून प्रकट केला. तथापि याच काळात एक मोठे न्यायकार्य घडले. महार वतनदाराने अल्पशा इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात सरकारी टपाल वाहावे, दवंडी पिटावी, रात्री-अपरात्री हुकमाला हजर व्हावे, अशी ती चाकरी पिढीजात होती; तिच्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा अखेर 1958 चा म्हणून दप्तरी नोंदला गेला. तो पाहावयास बाबासाहेब हयात नव्हते, ही रुखरुख उरतेच.

द्वैभाषिक मोडून महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर, यशवंतराव मुख्यमंत्री असतानाच, पुसदचे वकील वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून, 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला. रस्ते, शाळा, दवाखाने यांचा कारभार कलेक्टर कचेरीतून लोकनियुक्त सभागृहाकडे आला, आणि ज्या कुणब्याच्या वडिलांनी मामलेदारापुढे हात जोडले होते, तो स्वतः अंदाजपत्रकावर बोलू लागला.

1962 च्या चीन युद्धात पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आणि 1979 साली अल्पकाळ उपपंतप्रधानपद त्यांच्याकडे आले. या पदांपेक्षा मला त्यांचे अखेरचे काम अधिक बोलके वाटते. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून केंद्राच्या महसुलातील राज्यांचे हिस्से ठरविण्याचे, म्हणजे एका विशाल एकत्र कुटुंबाच्या वाटपाचे, किचकट काम त्यांच्याकडे होते. अहवाल 1984 साली सादर झाला. त्याच वर्षी, 25 नोव्हेंबरला, दिल्लीत त्यांचे निधन झाले.