पायाची नाडी

सकाळी ७.३०
जून महिना. पावसाची झड लागलीय. रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात ड्रेसरकाका ऑटोक्लेव्हमधून ड्रम बाहेर काढतात. १२१ अंशांची वाफ खाल्लेला. वरच्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्यात ना, ते आधी बघतात. झाल्या नसत्या तर ड्रम परत आत गेला असता. गॉजच्या घड्या त्यांनीच कापलेल्या. काका रोजंदारीवर आहेत. खाडा झाला की पैसे गेले.

८.४५
लांज्याहून एसटीने आजी-आजोबा येतात. आजोबा पंचाहत्तरीपुढचे, त्यांना तिकीट नाही. आजींचं अर्धं. स्टँडवरून रिक्षाला मात्र पुरते पैसे मोजावे लागले. आजोबांच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडून खारकेसारखी सुकलीय. रक्त पोचेना, मांस मेलं. बुडाशी लालसर रेघ उमटलीय. रेघेच्या अलीकडचं अजून जिवंत आहे. काका बोट भिजवत नाहीत. बीटाडीन लावतात, बोटांच्या मध्ये कोरडं गॉज सारतात. ओल धरली, जंतू शिरले, की वास सुटतो, ताप भरतो आणि करंगळीवर भागत नाही.
"बिडीचं बंडल इकडे द्या बाबा."
आजोबा आजींकडे बघतात. मग खिशात हात घालतात.

१०.१५
मिरकरवाड्याचा खलाशी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून आत्ता सवड झाली. अंगात साखर. तळव्याला जखम, बोटाचं पेर जाईल एवढी खोल.
"इतके दिवस काय करत होतास रे?"
"दुखतच नव्हतं, काका."
साखरेने पायाची जाणीव जाते. जखम दुखत नाही, म्हणून माणूस कामावर जात राहतो. मला या खोलीत सगळ्यात भीती वाटते ती याच उत्तराची.
काका पावलाच्या पाठीवर दोन बोटं टेकवतात. डोळे मिटतात. बोटं जरा सरकवतात, दाब कमी करतात. मग घोट्याच्या आतल्या हाडामागे चाचपतात. तिथे नाडी लागते, बारीक, पण लागते. आता चिमट्याने पिवळट मेलेलं मांस उचलायचं आणि कात्रीने थोडंथोडं कापायचं. एका जागी लाल थेंब येतो. काका तिथेच थांबतात. त्यांचा चेहरा सैल होतो.
"बोटीवर चप्पल कुठली घालणार, काका?"
"गमबूट घाल. पण आधी आत हात फिरवून बघ. खडा, शिंपला, काही असतं."

१.३०
तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. डबा पाच मिनिटांत संपतो.

३.००
आजोबांच्या डॉपलरचा कागद येतो. मांडीखाली रक्तवाहिनी तुंबलीय. कोल्हापूरला दाखवा, डॉक्टर सांगतात.
"लावणी आटपली की जातो," आजी म्हणतात.
"लावणी भावकीकडे सोपवा, आजी. उद्याच निघा."
आजी पदराच्या गाठीतले पैसे मोजतात, पुन्हा मोजतात. मग विचारतात, "पहिली गाडी किती वाजता आहे?"