क्लासशिवाय सीईटी

बारावी विज्ञाननंतर महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी शाखांचे प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतात. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, ही परीक्षा संगणकावर घेतो. तिच्यासाठी दोन वर्षांचा महागडा क्लास लावावाच लागतो, हा समज आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. परीक्षेची रचना आणि अभ्यासक्रम नीट पाहिला तर तो टिकत नाही. सीईटी राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेली आहे आणि ती पुस्तके फुकट मिळतात. घरी अभ्यास करणाऱ्याला त्याखेरीज स्वतः जुळवावे लागते ते वेळापत्रक, सराव आणि शंका विचारायला कोणीतरी माणूस.

पीसीएम ग्रुपची परीक्षा 200 गुणांची आणि तीन तासांची असते. पहिल्या 90 मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 50 प्रश्न येतात, प्रत्येक प्रश्न एका गुणाचा. पुढच्या 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. पीसीबी ग्रुपला गणिताच्या जागी जीवशास्त्राचे 100 प्रश्न असतात. याचा अर्थ, भौतिक-रसायनात एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद मिळतात आणि गणितात 108. पहिल्या भागात वाचलेला वेळ दुसऱ्या भागाला जोडता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात, शिवाय अकरावीची सगळी प्रकरणे लागत नाहीत, निवडक लागतात. त्यांची यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर दिलेली असते. त्या-त्या वर्षीची यादी उतरवून घेणे हे अभ्यासाचे पहिले काम, कारण न लागणाऱ्या प्रकरणांवर गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

दुसरे काम पुस्तकांचे. पुण्याची बालभारती 1967 पासून राज्याची पाठ्यपुस्तके तयार करते. अकरावीची सध्याची पुस्तके 2019 मध्ये आली, बारावीची 2020 मध्ये. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. एकदा उतरवली की इंटरनेट लागत नाही. सीईटीच्या अभ्यासात हे पुस्तक ओळ न् ओळ वाचायचे असते. आकृतीखालची टीप, रसायनशास्त्रातले तक्ते, प्रकरणाच्या मध्येच दिलेल्या छोट्या चौकटी, सोडवून दाखवलेली उदाहरणे यांतूनही प्रश्न निघू शकतात. मार्गदर्शिका किंवा नोट्स वाचणारा नेमका हाच भाग गाळतो.

फुकट व्याख्याने मुबलक आहेत. यूट्यूबवर तर ती न संपणारी आहेत. केंद्र सरकारच्या स्वयंप्रभा वाहिन्या टीव्हीवर मोफत दिसतात. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी 2023 मध्ये ‘साथी’ हे प्रवेश परीक्षांच्या तयारीचे व्यासपीठ सुरू केले, तेही विनामूल्य आहे. खान अकादमीत गणिताचा पाया पक्का करता येतो. मात्र या बहुतेक ठिकाणचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या क्रमाने चालतो आणि राज्य मंडळाचा क्रम वेगळा आहे. इथेच एकट्याने अभ्यास करणारी मुले अडतात. भौतिकशास्त्रातील परिवलन गती, द्रायूंचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, ऊष्मागतिकी आणि दोलने हे विषय राज्य मंडळात बारावीला आहेत, एनसीईआरटीत अकरावीला. रसायनशास्त्रातील ऊष्मागतिकी आणि आयनिक समतोल यांचेही तसेच. ‘बारावी’ असे लिहून शोध घेणाऱ्याला ही व्याख्याने सापडत नाहीत, ती ‘अकरावी’खाली असतात. उलट गणितातील मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, रसायनशास्त्रातील सॉलिड स्टेट, पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री ही प्रकरणे एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकांत नाहीत. त्यांच्यासाठी राज्य मंडळाचे पुस्तक आणि खास राज्य मंडळासाठी शिकवणाऱ्या शिक्षकांची व्याख्याने हाच आधार. म्हणून व्याख्याने पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे शोधावीत. एखाद्या वाहिनीच्या क्रमाने पुस्तक वाचणे हा उलटा प्रवास ठरतो.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांची अडचण निराळी आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत निवडता येतात, पण गणिताची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते. गणित येत असूनही प्रश्नाचे वाक्य न उमगल्याने गुण जाणे हे खरे नुकसान. त्यावर साधा उपाय आहे. बालभारतीची नववी-दहावीची गणित आणि विज्ञानाची पुस्तके मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत उपलब्ध आहेत. माहितीचेच प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचले की संज्ञा आपोआप जुळत जातात. पुढच्या संज्ञांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर विनाशुल्क पाहता येतात. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत एवढे केले तर पुढची दीड-दोन वर्षे सुकर होतात.

प्रयोग आणि आकृत्या केवळ वाचून कळत नसतील, तर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स वापरावीत. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. लंबकाची लांबी किंवा विद्युत मंडलातला रोध पडद्यावर बदलून परिणाम पाहता येतो आणि अनेक सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

व्याख्यान ऐकून ‘समजले’ असे वाटते, आणि स्वयंअध्ययनाचा सर्वांत मोठा धोका तोच. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. सीईटीला काही महिन्यांपूर्वी शिकलेले 54 सेकंदांत आठवावे लागते, त्यामुळे हा फरक इथे निर्णायक आहे. प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर सूत्रे आणि मुद्दे आठवून लिहावेत, मग पुस्तक उघडून राहिलेले पाहावे. तेच दोन-तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा करावे. व्याख्यान एक तासाचे असेल तर उदाहरणे सोडवायला निदान तेवढाच वेळ द्यायला हवा.

सरावाचे प्रश्न मिळवणेही अवघड नाही. प्रत्येक प्रकरणाखालचा स्वाध्याय पूर्ण सोडवणे पहिले. त्यानंतर एनसीईआरटीचे ‘एक्झेम्प्लार’ संच, जे फुकट मिळतात. भौतिक, रसायन आणि गणिताच्या प्रश्नांची काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची आणि जीवशास्त्राची नीटच्या तोडीची ठेवली जाते, असे सीईटी सेल सांगतो. म्हणून त्या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका उपयोगी पडतात, अर्थात राज्याच्या अभ्यासक्रमात नसलेले प्रश्न वगळून. सोडवलेल्या प्रत्येक संचानंतर चुकांची वही लिहावी. संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, की प्रश्न घाईत वाचला, यांपैकी काय झाले ते नोंदवावे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

एकट्याने अभ्यास करताना शंकांचा ढीग साचतो. त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक हा हक्काचा आणि फुकटचा आधार आहे. आठवड्याच्या शंका लिहून नेल्या तर बहुतेक शिक्षक वेळ देतात. घरात जागा नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयांच्या आणि नगरपालिकांच्या अभ्यासिका नाममात्र शुल्कात किंवा विनाशुल्क उघड्या असतात. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नागपूरची महाज्योती ही शासकीय संस्था सीईटी, जेईई आणि नीटसाठी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. निवड झालेल्यांना टॅब आणि इंटरनेट डेटाही मिळतो. अर्ज दहावीनंतर लगेच मागवले जातात, त्यामुळे बारावीत जाग आलेल्याला ही संधी मिळत नाही.

शेवटचे पाच-सहा आठवडे पूर्ण सराव परीक्षांचे. त्या मोबाइलऐवजी संगणकावर द्याव्यात. घरी संगणक नसेल तर महाविद्यालयाच्या संगणक कक्षात परवानगी मागावी. माउसने पर्याय निवडणे, प्रश्न राखून ठेवणे, पडद्यावरचे वाचून कच्चे काम कागदावर करणे याला सवय लागते. घड्याळ दोन भागांत लावावे, 90 अधिक 90 मिनिटे. पहिल्या फेरीत लगेच सुटणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत आकडेमोडीचे, आणि शेवटची दोन मिनिटे राखून ठेवावीत ती उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला एखादा पर्याय निवडण्यासाठी.