ख्रिस्तापूर्वीच्या नीतिमानांचे तारण कसे झाले?

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी जपानहून परतल्यावर, जानेवारी १५५२ मध्ये, कोचीनहून युरोपातील आपल्या येशूसंघीय बंधूंना एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात यामागुची येथील नवख्रिस्ती बांधवांच्या दुःखाचे वर्णन आहे. आपले आईवडील व पूर्वज सुवार्ता न ऐकताच मरण पावले, त्यांची नरकातून सुटका होईल काय, असे ते विचारीत. नाही, असे उत्तर मिळताच त्यांना रडू कोसळे. ते पाहून आपणासही दुःख होई, असे संतांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले आजही हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात. अब्राहाम व मोशे ह्यांना स्नानसंस्कार मिळाला नव्हता, मग ते स्वर्गात आहेत काय? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण तारणाच्या इतिहासाचे टप्पे क्रमाने पाहू या.

अब्राहाम : वचनावरील विश्वास

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. सुंतेची आज्ञा मात्र सतराव्या अध्यायात येते. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, तर सुंतेच्या वेळी ९९ वर्षांचा. म्हणजे तो नीतिमान ठरला त्यानंतर निदान तेरा वर्षांनी सुंता झाली. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ह्याच क्रमावर बोट ठेवतात. विधी नंतरचा, विश्वास आधीचा. संत याकोब पुढे स्मरण करून देतात की, हा विश्वास इसहाकाच्या अर्पणात कृतीने पूर्ण झाला. विश्वास व कृती ह्यांची फारकत ख्रिस्तसभेला कधीच मान्य नव्हती.

मोशे : बालरक्षक नियमशास्त्र

वचनानंतर ४३० वर्षांनी नियमशास्त्र आले, असे संत पौल गलतीकरांस सांगतात. ते वचन रद्द करण्यासाठी आले नव्हते. मुलाचा हात धरून त्याला शिक्षकाकडे नेणाऱ्या बालरक्षकासारखे त्याचे कार्य होते. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात रक्त घेऊन जाई. इब्री लोकांस पत्राचा लेखक विचारतो, त्या यज्ञाने पाप खरोखर दूर झाले असते, तर तो दरवर्षी का करावा लागला असता? फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४३९ मध्ये हेच स्पष्ट केले. जुन्या करारातील विधी कृपेचे दर्शक होते, पण ती कृपा देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते. ती ख्रिस्ताच्या दुःखसहनातून मिळणार होती.

पवित्र शनिवार

मग हे नीतिमान कोठे होते? प्रेषितांच्या मतांगीकारात आपण म्हणतो की, प्रभू मरणानंतर अधोलोकात उतरला. अनेकजण हे शब्द घाईने उच्चारून पुढे जातात, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार प्रभू तेथे गेला तो आपल्या आगमनाची वाट पाहत असलेल्या नीतिमानांना मुक्त करण्यासाठी. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या पुनरुत्थानाच्या चित्रांत ख्रिस्त आदाम आणि एवा ह्यांचे हात धरून त्यांना थडग्यातून वर ओढताना दिसतो. म्हणूनच आपण ह्या पूर्वजांना संत मानतो. रोमी संतावलीत मोशेचे स्मरण ४ सप्टेंबरला, अब्राहामाचे ९ ऑक्टोबरला आणि दावीदाचे २९ डिसेंबरला आहे.

ख्रिस्ती बांधवांतील मतभेद

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी ह्यांनी बायबलचा इतिहास वेगवेगळ्या ईश्वरी कालखंडांत विभागला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमुळे हे मत दूरवर पसरले. त्यातून नियमशास्त्राच्या काळी तारण कर्मांनी व आता कृपेने, असा समज काहींचा झाला. त्याच परंपरेतील चार्ल्स रायरी ह्यांनी १९६५ मध्ये तो दूर करण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते तारणाचा आधार सदैव ख्रिस्ताचे मरण हाच आहे आणि अट सदैव विश्वासाचीच आहे. बदलते ती केवळ त्या विश्वासाला झालेल्या प्रकटीकरणाची मर्यादा. सुधारणावादी पंथ एकाच कृपेच्या कराराविषयी बोलतात. शब्द निराळे असले, तरी तारणारा एकच, ह्याविषयी दुमत नाही.

सुवार्ता न पोहोचलेल्यांचे काय?

आता यामागुचीच्या त्या अश्रूंकडे वळू या. झेवियर ह्यांनी त्याच पत्रात लिहिले आहे की, कोणी शिकविण्यापूर्वीच परमेश्वराचा नियम मानवी हृदयात कोरलेला असतो. ह्या बीजाचा अर्थ ख्रिस्तसभेने पुढे अधिक उलगडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ‘लुमेन जेन्सियुम’ ह्या दस्तऐवजात शिकविले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने परमेश्वराचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने सद्सद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. ते तारणही ख्रिस्ताद्वारेच होय. ही आपल्याला दिलेली सवलत मात्र नव्हे. ज्याला सत्य उमगले आहे, त्याने ते नाकारणे गंभीर आहे, असेही तोच दस्तऐवज बजावतो आणि सुवार्ताप्रसाराचे कर्तव्य कायम ठेवतो.

मिस्साबलीच्या पहिल्या कृतज्ञतास्तुतीत आपण हाबेल, अब्राहाम व मल्कीसदेक ह्यांच्या अर्पणांचे स्मरण करतो. चौथ्या कृतज्ञतास्तुतीत ज्यांचा विश्वास केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे, अशा मृतांसाठीही प्रार्थना आहे. आपल्या घराण्यातील ज्या पूर्वजांना येशूचे नाव कधी ऐकावयास मिळाले नाही, त्यांना त्या क्षणी आपण आठवू या आणि ज्याने अधोलोकाची दारे उघडली, त्या प्रभूच्या दयेवर त्यांना सोपवू या.